या वेळचं झाड

हातोडी बुंध्यावर बसली आणि रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. झाडं तपासणाऱ्या अधिकारी बाईनं वर मारून पाहिलं, खाली मारून पाहिलं. तोच आवाज. मग लांब सुई खोडात घातली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. वर पानं मात्र हिरवीगार.

"झाड आतून कुजलंय," ती म्हणाली. "कधी पडेल नेम नाही. आधी मुलांना बाजूला घ्या."

झाड तोडू देणार नाही म्हणत शाळेतल्या मुलांच्या आयांनी झाडाभोवती हातात हात घालून कडं केलं होतं; तपासणीपुरतं तिला आत घेऊन पुन्हा बाहेर काढलं होतं. कड्याच्या आत, मुळांवर, गणवेशातली मुलं बसली होती. त्यांत तिची मुलगीही.

"मंत्रीसाहेबांच्या नव्या रस्त्यात येणारं प्रत्येक झाड पोकळच कसं हो निघतं?" तिच्याच शेजारणीनं विचारलं. सगळ्या हसल्या. "नदीकाठचीही पोकळच होती ना? तोडल्यावर बघितली आम्ही ती खोडं. दगडासारखी घट्ट!"

ती सुई पुसत राहिली. नदीकाठची झाडं तिनं मंत्र्यांच्या कचेरीत बसून तपासली होती. हातोडी तेव्हा पिशवीतच राहिली होती.

मंत्र्यांचा सचिव मागून तिच्या कानाशी आला. "छान जमतंय, मॅडम. जरा मोठ्यानं बोला, कॅमेरे आलेत."

"मी खरं सांगतेय!" ती ओरडली.

"घ्या! आज खरं सांगतायत!" शेजारीण म्हणाली.

"हवं तर खोडाला कान लावून बघा."

"आम्हाला काय कळणार त्यातलं? शिकलेल्या तुम्ही!"

वर कुठंतरी फांदी करकरली. घोषणांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. तिनं पिशवी तिथंच टाकली, वाकून कड्यात शिरली आणि मुलीचा दंड धरला.

"सोड! तू खोटारडी आहेस, सगळे म्हणतात!" मुलीनं मुळाला मिठी मारली.

तिनं मुलीचं एकेक बोट सोडवलं, तिला काखोटीला मारलं आणि तडक रस्ता ओलांडला. पाठीवर बुक्क्या बसत होत्या.

"पळाली बघा!" कड्यातून कुणीतरी म्हणालं. मुलांनी टाळ्या पिटल्या.

घोषणांना आणखी जोर चढला. शेजारणीचा आवाज सगळ्यांत वर होता. ओरडता ओरडताच तिनं एक हात सोडवला, मागे नेला आणि चाचपत आपल्या पोराला कड्याबाहेर ढकललं.