राणीची चाल

चाकणच्या जत्रेत दरसाल नाटक व्हायचं आणि त्यातली राणी भैरूच असायचा. या राणीपायी गड्यानं बारा वर्षं मिशी ठेवली नव्हती. तो चुलीपुढं बसून भाषणं घोकायचा आणि बायको मंजुळा भाकरी थापता थापता राजाची बाजू सांभाळायची. होता होता राजा आणि राणी, दोघांचीही भाषणं तिला तोंडपाठ झाली.

सन चोपन्नच्या जत्रेला पुण्याच्या नाटक कंपनीचे मॅनेजर खास भैरूला बघायला आले. पसंत पडला तर कंपनीत कायमची राणी! आणि नेमका त्याच दिवशी भैरूचा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"रडताय कशाला?" मंजुळा म्हणाली. "तोंडाला सफेदा फासल्यावर कोण वळखतंय? मी हाय न्हवं. मी करते राणी."

तिनं एक शब्द न चुकता अख्खं नाटक निभावलं. पडदा पडला तशी ती कनातीमागं दडली आणि तोंड रंगवून तयार असलेला भैरू तिचा शालू गुंडाळून राणीच्या ऐटीत बसला. तेवढ्यात मॅनेजर आत आले. भैरूनं मुकाट्यानं हात जोडले.

 

"भाषणं चोख होती भैरूराव, पण चालणं पार पुरुषी. बाई अशी चालते होय? घरी बायको आहे ना? जरा तिच्याकडं बघून शिका!"