हे झालं कौतुक

नव्या टाकीच्या उद्घाटनाआधी आमदारांच्या पीएनं सरपंच हौसाबाईंचं भाषण मंचामागेच तपासलं. टाकीत पाणीच येत नसल्याचा अख्खा भाग त्यानं खोडून टाकला. त्याआधीचं एक छोटंसं वाक्य तेवढं राहू दिलं. त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

हौसाबाईंनी आमदारांचे आभार मानले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी ते वाक्य वाचलं, "हे झालं कौतुक. आता गावाचं बोलू."

टाळ्या थांबल्या. पुढे कागदावर नुसत्या रेघा होत्या. पीए 'आटपा' म्हणून खुणावत होता. समोरच्या बायका मात्र सावरून बसल्या. "मग बोला की!" त्यातली एक ओरडली.

आमदार उठायला लागले. हौसाबाईंनी कागद कमरेला खोचला, माइक जवळ ओढला.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. "गावाचं बोलायला वेळ लागतो."