तिसरा शब्द

“पुन्हा म्हण.”

“सुपरसिलिअस.”

“पुटपुटू नकोस. आणि तोंड भिंतीकडेच ठेव. भिंतीला ऐकू गेलं, तर माणसाला जाईल.”

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा फोरमन, चांगला पंचेचाळिशीचा बाप्या, भिंतीकडे तोंड करून उभा होता. मागे खुर्चीत ऐंशी ओलांडलेल्या बाई पट्टीनं टेबलावर टकटक करत होत्या. सुपरसिलिअस म्हणजे नाक वर करून जगाकडे बघणारा. फोरमनला शब्द फार आवडला. कंपनीतल्या साहेबाच्या मापानंच शिवला होता जणू.

कंपनीत त्याला ‘व्हेरीगुड’ म्हणत. परदेशी पाहुण्यांना लिफ्टची माहिती द्यायला साहेबानं त्याला उभं केलं होतं, आणि घाबरून त्याच्या तोंडून मोटर व्हेरी गुड, केबल व्हेरी गुड, ब्रेक व्हेरी गुड, एवढंच निघालं. साहेबानं ऐकून घेतलं. मग सगळ्यांदेखत तीन शब्द फेकले: “इनेप्ट, इनकोहीरंट, इन्सिग्निफिकंट.” जरा थांबला आणि मऊ आवाजात म्हणाला, “बसा.” पाहुणे बुटांकडे बघत राहिले, कंपनीचीच माणसं पोट धरून हसली.

घरी जाऊन त्यानं शब्दकोश उघडला. नालायक, असंबद्ध, कवडीमोल. तिन्ही शब्द जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवालाही विचारू लागला, “व्हेरीगुड, साखर किती?”

त्याच दिवशी त्यानं ठरवलं. वर्षअखेरीस साहेब निवृत्त होणार होता. निरोपाच्या कार्यक्रमात कामगारांच्या वतीनं आपण बोलायचं, आणि याच्याच भाषेत, याच्याहून जड शब्दांत याचं उट्टं काढायचं. नाहीतर मरेपर्यंत आपण व्हेरीगुडच. बाईंचा पत्ता औषधांच्या दुकानदारानं दिला. म्हणाला, “म्हातारी खाष्ट आहे, पण शब्द हाडात मुरवते.”

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, “इंग्रजी कशाला हवंय?”

“एका साहेबाला सुनवायचंय.”

बाईंचे डोळे चमकले. “मग त्याचं नाव मला सांगू नकोस. नाव कळलं की दया येते.”

शिकवणी सुरू झाली. शब्द चुकला की भिंत. बरोबर आला तरी कौतुक नाही. एकदा पायात गोळे आल्यावर त्यानं विचारलंच, “बाई, एवढ्या कडक शिकवणीत पोरं टिकायची?”

“टिकायची. एक पळाला.” बाईंनी पट्टी आपटली. “पुढचा शब्द.”

व्हेरीगुडच्या जिभेला धार चढू लागली. घरी आमटी खारट झाली तर तो बायकोला असा काही शब्द हाणायचा, की ती नुसती बघत राहायची. एकदा ती म्हणाली, “अहो, तुम्ही अगदी तुमच्या साहेबासारखे बोलायला लागलात.” त्याला ती शाबासकीच वाटली.

शेवटच्या दिवशी बाईंनी हुकमाचं पान काढलं. “एक शब्द माणूस झेलतो. दुसराही झेलतो. तिसरा वर्मी बसतो. मग थांबायचं, आणि मऊ आवाजात म्हणायचं, बसा.”

व्हेरीगुड खूश झाला. साहेबाचंच औषध साहेबाला पाजायला मिळणार होतं!

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. सगळ्यांचं साहेबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून झालं. मग ‘व्हेरीगुड, व्हेरीगुड’ अशा आरोळ्यांत फोरमन उठला. आभाराचं बोलणं ऐकायला साहेबही खुर्चीतून उठून उभा राहिला.

फोरमननं समोरच्या भिंतीकडे बघत खणखणीत आवाजात म्हटलं, “सुपरसिलिअस. मॅलिव्होलंट. कन्टेम्प्टिबल.” आणि न चुकता अर्थही सांगितले: नाक वर करून बघणारा, दुसऱ्याचं वाईट चिंतणारा, तिरस्काराच्याच लायकीचा.

हसू जागच्या जागी विरलं. तो थांबला आणि मऊ आवाजात म्हणाला, “बसा.”

साहेब मटकन बसला. चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम. व्हेरीगुडला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. आता त्याला त्या नावानं हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

लोक पांगल्यावर साहेब त्याच्याजवळ आला. आता हा शिव्या देणार, म्हणून फोरमननं छाती पुढे काढली. चार जड शब्द जिभेवर तयार होते.

पण साहेब हळू आवाजात म्हणाला, “भिंतीकडे तोंड करून शिकलास ना हे?”

फोरमननं मान डोलावली.

साहेबानं डोळे पुसले आणि विचारलं, “बरी आहे का रे माझी आई?”