जमा बाजू

नगरपालिकेच्या यंत्राने काढलेलं अंदाजपत्रक प्रथमच शिलकी निघालं, तेव्हा सभागृहात बाकं वाजली. येत्या वर्षी काय जमा होणार आणि काय खर्च होणार, याचा यंत्राचा आकडा आजवर चुकला नव्हता. रिवाजाप्रमाणे जमा बाजू वाचली असं समजून सगळे खर्चावर भांडू लागले. नगरसेवक इस्माईल बागवानांना त्यांच्या वॉर्डातला रस्ता हवा होता.

"थांबा," नगराध्यक्षा शालनताई घोरपडे म्हणाल्या. "पैसा आला कुठून?"

लेखापाल ढेरंग्यांनी जमेचं पान उघडून वाचलं. "जुलैमध्ये सरकारकडून दुर्घटना मदतनिधी येणार आहे, ताई. खर्चात स्मशानाची लाकडंही वाढलीत."

दुर्घटना कसली, हे यंत्राला विचारून उपयोग नव्हता. त्याला फक्त जमा आणि खर्च कळे. म्हणून शालनताई एकेका कामाची तरतूद वाढवून पाहू लागल्या. पूरभिंत झाली, अग्निशमन झालं, दवाखाना झाला. मदतीचा आकडा हलेना. शेवटी त्यांनी शाळेमागची जुनी पाण्याची टाकी पाडण्याचा खर्च घातला. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत याच सभेनं ते काम दर वर्षी मागे टाकलं होतं.

मदतीच्या जागी शून्य आलं.

खिडकीतून मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता.

"शिल्लक गेली, ताई. उलट तूट आलीय," ढेरंगे म्हणाले.

"माझा रस्ता काढून टाका," बागवान उठत म्हणाले. "आणि जुलैची वाट कशाला बघायची? पोरांना आत्ताच बाहेर काढा."

"मंजूर?" शालनताईंनी मान वर करून विचारलं.

उत्तर द्यायला सभागृहात कोणी उरलं नव्हतं. सगळे जिना उतरून शाळेकडे धावत सुटले होते.