रेग्यांचं राजमा सूप

सूपमधला राजमा दाताखाली येताच मधुसूदन रेग्यांना कळलं, की कुकरच्या दोन शिट्ट्या कमी पडल्या. पण समोर कल्याणीबाई दुसऱ्यांदा वाडगा भरून घेत होत्या. योगवर्गात ओळख झालेल्या या बाईंना रेग्यांनी आज मुद्दाम घरी बोलावलं होतं. दोघंही साठी ओलांडलेली, दोघांचेही जोडीदार गेलेले. गाजर, फरसबी, कोबी असं सगळं घालून रेगे सकाळपासून त्या सूपमागे खपत होते.

“छान दाट झालंय,” कल्याणीबाई म्हणाल्या.

रेग्यांनी धीर गोळा केला. “मी म्हणत होतो, आपण दोघं यापुढे एकत्र राहिलो तर...”

वाक्य पुरं व्हायच्या आत राजम्याने आपलं काम केलं. आवाज चांगला खणखणीत होता. दोष खुर्चीवर ढकलावा, तर ती प्लास्टिकची. रेगे मान खाली घालून बसले. आता या बाई उठून जाणार आणि उद्यापासून आपला योगवर्गही बंद, हे त्यांनी गृहीतच धरलं.

कल्याणीबाईंनी चमचा खाली ठेवला. “आमचे हे फार शिस्तीचे होते. बत्तीस वर्षांत माझ्यासमोर त्यांनी एकदाही असं केलं नाही आणि मलाही करू दिलं नाही.”

“माफ करा,” रेगे पुटपुटले.

“माफी कसली? फार पोट दुखायचं हो माझं.”

एवढं बोलून त्या किंचित एका बाजूला कलल्या आणि त्यांनीही तितकाच खणखणीत होकार दिला.