हात केला की हजर

त्या दिवशी आबा, आई आणि मी डेअरीत दूध घालून परतत होतो. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर आबांनी रोजच्यासारखा खांबावरच्या पोलिसांच्या कॅमेऱ्याला हात केला. "रामराम साहेब!"

"त्यो खांब काय तुमचा साडू हाय?" आई म्हणाली.

"अगं, बसवताना हवालदार म्हणलाय, चोवीस तास आमी बघतोय, हात केला की हजर. तुझ्या भावापरीस बरा हाय."

आई फणकारली. माहेरपणाला आलेली मी नुसती हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्याच खांबाखाली कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी पोलीस ठाण्यात जाऊन फुटेज बघितलं. आबांनी दुधाची किटली खाली ठेवली, छाती धरली. पाठीमागच्या टपरीवर चार माणसं चहा पीत होती. एक हाक मारली असती तर धावत आली असती. आबांनी तिकडं पाहिलंही नाही. मान वर करून ते कॅमेऱ्याला हात करत राहिले. गुडघे टेकले तरी हात वरच होता.

"तेव्हा इथं बघायला कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"बसतंय कोण, ताई? कुठं चोरी झाली की उघडून बघतो आमी," हवालदार म्हणाले. "पर चित्र बघा, किती साफ येतंय."

पडद्यावर आबा थेट माझ्याकडं बघत होते.



मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, हितं कुणी न्हाय. मागं वळा."