चौदा खराब कॅसेट्स

"मिटा म्हटलं ना डोळे, बाबा!"

म्हातारबुवांनी डोळे मिटले, पण तोंड मिटलं नाही. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? आधी माझ्या कॅसेट्स कुठे आहेत ते सांग. पंधरा दिवस झाले आज."

लेकीनं साबणाच्या डबीएवढा स्पीकर टेबलावर ठेवला. "उघडा आता. यात आहेत. चौदाच्या चौदा."

"एवढ्याशा डबीत?"

घरातल्या टेपरेकॉर्डरनं मान टाकली तेव्हा दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले होते. मग बुटांच्या खोक्यातल्या त्या कॅसेट्स लेकच रेकॉर्डिंगवाल्याकडे घेऊन गेली. म्हातारबुवांची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. कचेरीतून आले की माउथ ऑर्गन वाजवायचे आणि एखाद्या रविवारी टेप करायचे, हा एवढाच त्यांचा छंद. अख्ख्या संसारात चौदा कॅसेट्स भरल्या. प्रत्येकीवर नकाशावरच्या रेखीव अक्षरांत तारीख, धून, आणि शेवटी लाल शाईत शेरा: 'खराब.' कारण एकच. बायको मध्ये बोलली. एखाद्या हाकेला हे दाद देत नसत; पण ती बोलतच सुटली की हे वाजवायचे थांबत, तिचं संपेपर्यंत तोंड फुगवून बसत आणि मग पुढे चालू करत. यावरून त्यांनी किती वेळा घर डोक्यावर घेतलं असेल, त्याची गणतीच नाही. "तुझ्या आईच्या तोंडाला कुलूप असतं, तर माझी एक तरी कॅसेट धड झाली असती!" हे वाक्य लेकीला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं.

गेल्या थंडीत आई गेली. तेव्हापासून त्यांनी माउथ ऑर्गनला हात लावला नव्हता. रोज दुपारी दार लावून त्या कॅसेट्स तेवढ्या ऐकत. लेक म्हणायची, ऐकू देत बिचाऱ्यांना, तेवढाच विरंगुळा.

तिनं बटण दाबलं. माउथ ऑर्गनचा सूर खोलीभर झाला. खरखर नाही, घरघर नाही.

म्हातारबुवा खुर्चीत पुढे सरकले. ही तीन नंबरची कॅसेट. त्यांचं लक्ष सुरांकडे नव्हतंच. दुसरं कडवं संपता संपता ती आतून ओरडते, 'अहो, दूध बघा!' त्या हाकेची ते वाट बघत होते, आणि हसू आधीच ओठांवर येऊन बसलं होतं. दुसरं कडवं संपलं. तिसरं सुरू झालं.

"दूध?" ते म्हणाले.

"हवंय? गरम करून आणू?"

"नको. दूध राहिलं. पुढचं लाव."

पुढच्या धुनेत ती लागोपाठ तीनदा शिंकायची. शिंकली नाही. त्याच्या पुढच्या धुनेत म्हणायची, 'वाजवा, वाजवा, भाजी शेजारीच आणून टाकतील.' तेही म्हणाली नाही. धून सुरळीत पार पडली.

"किती स्वच्छ आलंय ना?" लेकीचा चेहरा नुसता फुलला होता. "तो रेकॉर्डिंगवाला विचारत होता, मागे एक बाई सारखी बोलतेय, ठेवायची का काढायची? म्हटलं, काढा हो! माझ्या वडिलांनी जन्मभर वाट बघितलीय याची."

म्हातारबुवा स्पीकरकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मूळच्या कॅसेट्स कुठे आहेत?"

"टाकल्या त्यानं, कच्चं रेकॉर्डिंगही पुसलं. फिती जीर्ण झाल्या होत्या, उतरवून घेताना तुटतच गेल्या. आणि ठेवून तरी काय करायच्या होत्या, बाबा? सगळ्या खराबच तर..."

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. दुपारचं ते लावलेलं दार तिला आठवलं. दारामागून कधी कधी हसण्याचा आवाज यायचा. माउथ ऑर्गन ऐकून कोण हसतं?

"बाबा, तुम्ही आईला ऐकत होतात?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. आता तिचा आवाज या जगात कुठेच नव्हता. दुसऱ्यांदा गेली होती ती, आणि या खेपेला पोचवायलाही कुणी गेलं नव्हतं.

"मला सांगायचं तरी एकदा," लेक रडू लागली. "मी कशाला काढायला लावलं असतं?"

"तुझं काय चुकलं?" म्हातारबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शेरा मीच मारला होता. चौदा वेळा. लाल शाईत."

स्पीकर आपला वाजतच होता. एक धून संपली, दुसरी लागली. ती चांगली रंगात आली आणि मध्येच, अर्ध्या सुरावर, थांबली. पुढे काहीच नाही.

लेकीनं घाईघाईनं डोळे पुसले आणि बटणाकडे हात नेला. "इथं रिकामंच आहे वाटतं, बाबा. पुढे ढकलते."

म्हातारबुवांनी तिचं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "तिचं बोलून होऊ दे."